रात्री हात झोपतो: कार्पल टनेलवरचे उपचार, पट्ट्यापासून ऑपरेशनपर्यंत

"मॅडम, रात्री हात झोपतो. उठून झटकावा लागतो, तेव्हा कुठे जागा होतो."

फिजिओथेरपीच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्या बाईचं बोलणं संपायच्या आत माझा प्रश्न तयार असतो: "करंगळी सोडून ना?" ती थबकते, दुसऱ्या हाताने एकेक बोट चिमटून बघते आणि म्हणते, "हो की! करंगळीला काहीच नाही."

करंगळी शाबूत आणि बाकीची बोटं मुंग्यांनी भरलेली, ही कार्पल टनेल सिंड्रोमची ओळखखूण. ती मला पाठ होती. तरीही माझा स्वतःचा उजवा हात रात्री झोपायला लागला तेव्हा मी दोन वर्षं 'कामाचा ताण' म्हणत ढकलली. दुसऱ्यांना पट्टा बांधून सहा आठवड्यांची तारीख देणारी मी, स्वतःला तारीख दिलीच नाही. शेवटी उजव्याचं ऑपरेशन झालं, तेही उशिरा. डाव्या हातात मुंग्या आल्या तेव्हा मात्र पहिल्याच महिन्यात पट्टा चढवला. त्यामुळे या लेखात पुस्तकातलं आहे तितकंच माझ्या दोन हातांचंही आहे. उपचारांची शिडी साधी आहे: पट्टा, इंजेक्शन, ऑपरेशन. चूक होते ती एका पायरीवर किती दिवस थांबायचं यात.

आत नेमकं काय चाललंय

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. खाली आणि बाजूंना आठ लहान हाडांची कमान, वर जाड, न ताणणाऱ्या बंधाचं छप्पर. या बोगद्यातून बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या (स्नायूंना हाडांशी जोडणारे टेंडन) जातात आणि त्यांच्या गर्दीत एकच नस, मीडियन नर्व्ह. दोऱ्यांवरचं अस्तर जरा सुजलं की जागा कमी पडते. दोऱ्या दणकट असतात, चेपली जाते ती नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यांची संवेदना हीच नस नेते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, म्हणून ती सुटते.

आता रात्रीचं कोडं. १९८१ साली अमेरिकेत या बोगद्यातला दाब प्रत्यक्ष मोजला गेला. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा होता, रुग्णांमध्ये ३२. रुग्णाचं मनगट पुढे दुमडलं की ९४ आणि मागे वाकवलं की ११०. आपण झोपतो कसे ते आठवा. मूठ गालाखाली, मनगट पूर्ण दुमडलेलं, तेही तासन् तास. नसेला होणारा रक्तपुरवठा आखडतो आणि अडीच वाजता जाग येते.

हे कोणाला होतं? पुरुषांपेक्षा बायकांना बरंच जास्त, त्यातही चाळिशी ते साठीच्या दरम्यान. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, संधिवात, लठ्ठपणा, गरोदरपणाचे शेवटचे महिने, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर, वर्षानुवर्षं चाललेलं डायलिसिस. काँक्रीट फोडायच्या ब्रेकरसारखी थरथरणारी यंत्रं चालवणारे गडी यात हमखास येतात. जोराने पकडून, मनगट वाकवून पुन्हा पुन्हा करायची कामंही धोका वाढवतात. कीबोर्ड आणि माउसचं नाव मात्र जितकं घेतलं जातं तितका पुरावा त्यामागे नाही.

पायरी पहिली: हेच आहे का ते बघा

कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढा आणि मुंग्या कुठे येतात तो भाग रंगवा. मी हे प्रत्येकाकडून करून घेते. तोंडी विचारलं तर लोक "सगळाच हात" म्हणतात, रंगवायला बसले की खरं बाहेर येतं.

मग दोन चाचण्या. कोपर टेबलावर टेकवा, दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून बोटं खाली सोडा, म्हणजे उलटा नमस्कार. ६० सेकंदांत मुंग्या आल्या तर शंका बळावते. ही फॅलेनची चाचणी. दुसरी याहून सोपी: तळहाताच्या बुंध्याशी, मनगटाच्या घडीच्या जरा पुढे, दुसऱ्या हाताचा अंगठा ३० सेकंद दाबून धरा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बघणं. दोन्ही तळहात खिडकीच्या उजेडात शेजारी धरा. एका बाजूचा उंचवटा चपटा किंवा खळगा पडल्यासारखा दिसतो का? अंगठा करंगळीच्या टोकाला लावून कोणालातरी तो ओढून सोडवायला सांगा. सहज सुटतो का? माझ्या उजव्या हाताचं मला कळलं ते ब्लाउजच्या हुकांवरून. हुक दिसत होता, बोटात होता, पण लागत नव्हता. आरशासमोर दहा मिनिटं झटापट करून मी शेवटी कुर्ता घातला.

दुसरी काही दुखणी याच वेशात येतात. मुंग्या करंगळीत असतील तर नस बहुधा कोपराशी दबतेय. मान वळवल्यावर कळ खांद्यापासून खाली येत असेल तर मानेतली नस. दोन्ही तळपायही बधिर असतील तर बहुधा साखरेमुळे झालेला नसांचा विकार. अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखतं पण मुंग्या नाहीत, तर ते वेगळंच, दोरीच्या आवरणाचं दुखणं. आणि हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर हा लेख बाजूला ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात जा. तो पक्षाघात असू शकतो, तिथे मिनिटं मोजायची असतात.

डॉक्टर बहुधा एनसीव्ही सांगतील. यात हातावर पट्ट्या लावून विजेचे बारीक झटके देतात आणि नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. टोचल्यासारखं होतं, पण सहन न होण्याजोगं नाही. एक गोष्ट जपा: हात थंड असला तर निरोगी नसही मंद दिसते. डिसेंबरात सकाळी स्कूटरवरून येऊन तशाच तपासणीला बसू नका, आधी कोमट पाण्यात हात शेकून घ्या. तेलकट क्रीम लावून जाऊ नका. रिपोर्टमध्ये 'माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर' यापैकी काय लिहिलंय ते बघा आणि रिपोर्ट सांभाळून ठेवा, पुढे तुलनेला लागतो. लक्षणं अगदी ठरावीक असूनही काहींचा एनसीव्ही नॉर्मल येतो. तेवढ्यावरून "तुम्हाला काही नाही" म्हणणं बरोबर नव्हे. सोनोग्राफीतही फुगलेली नस दिसते. एमआरआय सहसा लागत नाही.

सोबत रक्तातलं टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेसाठी) करून घ्या. हाताचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाला आपल्याला मधुमेह आहे हे तेव्हाच पहिल्यांदा कळतं, असं मी अनेकदा पाहिलंय.

पायरी दुसरी: आपण कुठल्या खणात बसतो

मुंग्या फक्त रात्री किंवा फोन, पेपर, स्कूटरचं हँडल धरल्यावर येतात आणि झटकल्यावर जातात: सौम्य. दिवसाही येतात, वस्तू हातातून निसटतात: मध्यम. बोटं कायम बधिर, अंगठ्याचा उंचवटा ओसरलेला: तीव्र.

इथे मोठी फसगत होते. माझ्याकडे येणारी एक भाकरी केंद्र चालवणारी बाई सहा महिने आलीच नाही. भेटली तेव्हा खुशीत होती. "आता मुंग्या येत नाहीत, दुखतही नाही." मी तिचा हात बघितला तर तर्जनीच्या टोकाला टपोरा फोड. तवा लागला होता आणि तिला कळलंच नव्हतं. मुंग्या म्हणजे नसेची ओरड. नस थकली की ओरडही थांबते. दुखणं कमी झालं पण बोटाला स्पर्श कळेनासा झाला, तर ती सुधारणा नाही.

सौम्य आणि मध्यम खणातल्यांनी पुढच्या पायऱ्या क्रमाने चढाव्यात. तीव्र खणातल्यांनी थेट सर्जन गाठावा. मी मध्यममधून तीव्रमध्ये सरकले तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये तीन नवे कोरे पट्टे पडले होते.

पायरी तिसरी: पट्टा, पण सरळ

रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा म्हणजे स्प्लिंट. पहिला उपचार हाच. स्वस्त, बिनधोक, आणि सौम्य दुखण्यात बऱ्याच जणांना याच्यावरच आराम पडतो. पण दुकानातला तयार पट्टा जसाच्या तसा घातला तर अर्धा फायदा वाया जातो.

कारण त्यात तळव्याच्या बाजूने घातलेली धातूची पट्टी. ती बहुतेकदा वर वाकवलेली असते, मनगट वीस-तीस अंश मागे जाईल अशी. ही रचना इतर दुखण्यांसाठी ठीक आहे, आपल्याला मात्र दाब सगळ्यात कमी हवाय आणि तो मनगट सरळ असताना मिळतो. म्हणून कापडी खिशातली पट्टी ओढून काढा, टेबलाच्या कडेवर दाबून सपाट करा, पुन्हा आत सरकवा. पट्टा बांधून कोपरापासून मधल्या बोटापर्यंत फूटपट्टी ठेवल्यासारखी रेषा दिसली पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्यांच्या पट्ट्यांवरचं हे काम मीच करते, दोन मिनिटांचं आहे.

बंद इतके सैल की आत एक बोट सरकेल. पट्ट्याची पुढची कड तळहातावरच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपावी, म्हणजे बोटं मोकळी वळतात. पावसाळ्यात घामाने खाज सुटते, आत पातळ सुती मोजा कापून घाला. अंगठ्यात अडकवायचा लवचिक मनगटपट्टा किंवा क्रेप बँडेज हा पर्याय नाही. त्याने वाकणं थांबत नाही, उलट घट्ट गुंडाळलं तर दाब वाढतो.

रोज रात्री, न चुकता, निदान सहा आठवडे. फरक पडत असेल तर बारा आठवड्यांपर्यंत चालवा. सहा आठवडे नीट वापरूनही काहीच फरक नसेल, तर तोच पट्टा वर्षभर बांधत बसू नका. दिवसा काम करताना तो घालायची गरज बहुधा नसते.

या काळात कामाच्या सवयी बदला. पोछा पिळण्याऐवजी दांड्याचा मॉप. कणिक मुठीने मळताना मनगट दुमडतं, म्हणून ओटा उंच वाटत असेल तर पाटावर उभं राहून तळहाताच्या बुंध्याऐवजी खांद्यातून जोर द्या, किंवा सरळ मिक्सरच्या भांड्यात मळा. बारीक हँडलवर जाड ग्रिप चढवा. बोटं सरळ, मग आकडा, मग मूठ असे दोऱ्या सरकवण्याचे व्यायाम मी शिकवते. ते निरुपद्रवी आहेत, पण नुसत्या व्यायामाने हे बरं होतं असं मी कोणाला सांगत नाही. करताना मुंग्या वाढल्या तर थांबा.

आता गोळ्या. वेदनाशामक गोळ्यांनी नसेवरचा दाब कमी होत नाही. मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि बी६ जीवनसत्त्व यांचा अभ्यासांत उपयोग दिसलेला नाही, आणि बी६ मोठ्या मात्रेत बराच काळ घेतलं तर तेच नसांना इजा करतं. 'नसांच्या ताकदीची' इंजेक्शनं आपल्याकडे सर्रास टोचली जातात. बी१२ खरोखर कमी असेल, जसं वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं होऊ शकतं, तर ते जरूर भरून काढा. पण बी१२ ने बोगदा रुंद होत नाही. 'नस चढलीय' म्हणून मनगट चोळून देणाऱ्यांकडे जाऊच नका. चेपलेल्या नसेला आणखी चेपण्याचेच ते पैसे.

पायरी चौथी: स्टिरॉइडचं इंजेक्शन

'स्टिरॉइड' म्हटलं की माणसं खुर्चीत मागे सरकतात. हे रोज गिळायचं औषध नव्हे. मनगटाच्या घडीजवळून बोगद्यात एकदाच सोडलेला थोडा डोस आहे, बहुतेकदा मेथिलप्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम. त्याने अस्तराची सूज उतरते आणि नसेला जागा मिळते.

ते ऑर्थोपेडिक सर्जन, हँड सर्जन किंवा या कामाचा सराव असलेल्या डॉक्टरांकडूनच घ्या. सोनोग्राफीवर बघून देणारे असतील तर उत्तम. सुई आत जाताना बोटात विजेसारखी कळ गेली तर लगेच "थांबा" म्हणा. सुई नसेला लागल्याची ती खूण असते, डॉक्टर ती मागे घेतात. नंतर एक-दोन दिवस ठणका वाढू शकतो. टोचल्या जागी त्वचा फिकी पडू शकते. मधुमेहींची साखर काही दिवस चढते, म्हणून आठवडाभर घरी मोजत राहा आणि औषध देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा.

आराम किती लवकर? काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत. किती टिकतो? इथे अपेक्षा बेताची ठेवा. ब्रिटनमधल्या २०१८ सालच्या चाचणीत सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले पट्टेवाल्यांपेक्षा बरे होते, सहा महिन्यांनी दोघांत फरक उरला नव्हता. नेदरलँड्समध्ये थेट ऑपरेशन आणि आधी इंजेक्शन असे दोन गट करून पाहिले. २०२५ साली आलेल्या निकालात दीड वर्षानंतर ऑपरेशनच्या गटातले ६१ टक्के पूर्ण बरे होते, इंजेक्शनने सुरुवात केलेल्यांतले ४५ टक्के. याचा अर्थ मी असा लावते: इंजेक्शन वाईट नाही, जवळपास निम्म्यांचं त्या वाटेनेही भागलं. पण ते चाललं आणि त्रास परतला, तर तिसऱ्या-चौथ्या सुईच्या मागे लागू नका. इंजेक्शनने आराम पडला होता ही उलट जमेची बाजू, कारण त्यामुळे निदान पक्कं होतं आणि ऑपरेशनचा गुण येण्याची शक्यता वाढते.

गरोदर बाईंचा हिशोब वेगळा. शेवटच्या तिमाहीत अंगावर पाणी साचून हा त्रास सुरू होतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बहुतेकींचा ओसरतो. पट्ट्यावर वेळ निभावून न्यायची. फारच असह्य झालं तर इंजेक्शनचा विचार प्रसूतितज्ज्ञांना विचारून.

पायरी पाचवी: ऑपरेशन कधी

सहा ते बारा आठवडे सरळ पट्टा नीट वापरूनही त्रास तसाच असेल. इंजेक्शननंतर परतला असेल. बोटं सतत बधिर असतील, अंगठ्यातली ताकद जात असेल किंवा उंचवटा ओसरत असेल. एनसीव्हीत तीव्र दाब दिसत असेल. यातलं एकही खरं असेल तर सर्जनला भेटा. शेवटच्या तीन बाबतींत आधी पट्टा, मग बघू असं करत दिवस घालवू नका.

मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर काही तासांत बोटं झपाट्याने बधिर होऊ लागली आणि वेदना वाढत गेली, तर ती तातडीची बाब आहे. प्लास्टर घट्ट असेल म्हणून सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

वय हा अडसर नाही. स्थानिक भूल पुरते, त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्यांचंही हे ऑपरेशन सहज होतं.

पायरी सहावी: कुठलं ऑपरेशन, आणि तयारी

दोन्ही प्रकारांत करायचं एकच: बोगद्याचं छप्पर, म्हणजे तो आडवा बंध, उभा कापून मोकळा करायचा. काहीही काढून टाकत नाहीत. कापलेल्या दोन कडांमध्ये नवा तंतू भरतो आणि बोगदा कायमचा ऐसपैस होतो.

उघड्या पद्धतीत तळहाताच्या बुंध्याशी दोन ते चार सेंटिमीटरचा छेद घेऊन डोळ्यांना दिसताना बंध कापतात. दुर्बिणीच्या पद्धतीत मनगटाशी छोटा छेद घेऊन आतून कापतात. दुर्बिणीत व्रण लहान, कामावर थोडं लवकर परतता येतं, पण नसेला तात्पुरता धक्का बसण्याचं प्रमाण किंचित जास्त आणि खर्चही जास्त. वर्षभरानंतर दोन्ही हात सारखेच दिसतात. मी उघडी पद्धत निवडली. पद्धतीपेक्षा सर्जनचा हात महत्त्वाचा, म्हणून "तुम्ही हे नेहमी कुठल्या पद्धतीने करता?" हा प्रश्न विचारा आणि त्यांच्या सरावाचीच पद्धत घ्या. हँड सर्जन, ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जन, तिघेही हे करतात.

आणखी विचारायचं ते असं: भूल कुठली, रक्त थांबवायला दंडाला पट्टा आवळणार का, टाके कधी निघतील, माझ्या कामावर मी कधी परतेन, आणि माझ्या बाबतीत काय परत येणार नाही. शेवटचा प्रश्न लाजून गिळू नका.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. या ऑपरेशनसाठी ती बहुधा थांबवावी लागत नाही, ते डॉक्टर ठरवतील. साखर फार चढलेली असेल तर आधी आटोक्यात आणा, जखम भरायला ते लागतं.

विम्याबाबत: हे सकाळी जाऊन दुपारी घरी यायचं काम आहे. विमा कंपन्या 'डे-केअर' मानतात तेव्हा पैसे देतात, 'ओपीडीतलं काम' मानलं की हात वर करतात. म्हणून आधी लेखी मंजुरी घ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही हे ऑपरेशन होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन विचारा.

घरची तयारी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. अंगठ्या आणि पाटल्या आठ दिवस आधी काढा. निघत नसतील तर साबण लावून, नाहीतर सोनाराकडून कापून. ऑपरेशनच्या सकाळी टेबलाशी ही कसरत नको. दोन्ही हातांना त्रास असेल तर शक्यतो एकेक करा, दोन हात एकदम बांधून घेणं म्हणजे घरातल्यांवर पूर्ण भिस्त. डावा हात बांधला जाणार असेल तर संडासातल्या धुण्याचं काय, हे आधीच ठरवा. जेट स्प्रे बसवून घ्या आणि दोन दिवस उजव्या हाताने सराव करा. हसू येईल, पण माझ्याकडच्या अर्ध्या लोकांची पहिली अडचण हीच असते. वेणीफणी, नाडीच्या सलवारीऐवजी इलॅस्टिकची पँट, बाटल्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवणं, हेही.

ऑपरेशनचा दिवस

मी जागी होते. तळहातात लिडोकेन आणि अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं, त्या दोन टोचण्या हाच काय तो त्रास. मग अर्धा तास नुसतं बसवून ठेवलं. अ‍ॅड्रिनलिनने त्या भागातल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येत नाही आणि दंडाला पट्टा आवळावा लागत नाही. दंडावरच्या त्या पट्ट्याची कळ ऑपरेशनपेक्षा जास्त असते, असं जुने रुग्ण सांगतात. ही पद्धत तुमच्या सर्जनकडे असेल तर तीच मागा.

छेद कळला नाही. बंध कापताना आत काहीतरी ओढल्यासारखं झालं. सर्जनने अंगठा हलवायला सांगितला, मी हलवला. पंधरा मिनिटांत टाके, वर फुगीर बँडेज, आणि चहा.

आज जे पंधरा मिनिटांत होतं, ते दुखणं १९५०च्या दशकाआधी नीट ओळखलंही जात नव्हतं. रात्री हात झटकत बसणाऱ्या बायकांचा दोष मानेच्या तळाशी, खांद्याजवळच्या नसांत शोधला जाई. क्लीव्हलँडचे डॉक्टर जॉर्ज फॅलेन यांनी तो मनगटात आहे हे लावून धरलं. उलट्या नमस्काराची चाचणी त्यांचीच.

पायरी सातवी: नंतरचे तीन महिने

पहिल्याच रात्री मी सलग झोपले. रात्रीच्या मुंग्या आणि कळ अशा लगेच जातात. बधिरपणा मात्र आठवडे, कधी महिने घेतो.

पहिले तीन-चार दिवस हात छातीपेक्षा वर, उशांवर. गळ्यात झोळी अडकवून खाली लोंबकळत ठेवू नका. बोटं त्याच संध्याकाळपासून पूर्ण उघडा, पूर्ण मिटा, तासातासाला दहा वेळा. हे न केल्याने बोटं आखडलेली माणसं मला जास्त भेटतात, ऑपरेशन बिघडलेली क्वचितच. अंघोळीला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. वेदनेला बहुधा पॅरासिटामॉल पुरते. ऑपरेशननंतर मनगटाचा पट्टा बांधून फायदा होत नाही.

टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. जखम पूर्ण कोरडी झाली की व्रणावर खोबरेल तेलाचं बोट घेऊन दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं गोल चोळा. व्रणाच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर दाब दिला की दुखतं, खुर्चीवरून हात टेकून उठताना विशेष. ते तीन महिने, काहींचं सहा महिने टिकतं आणि जातं. ऑपरेशन फसल्याची ती खूण नाही.

टेबलावरचं काम एक-दोन आठवड्यांत. दुचाकी, ब्रेक जोराने दाबता येईल तेव्हाच, साधारण दोन-तीन आठवड्यांनी. भाकऱ्या थापणं, गवंडीकाम, वजन उचलणं सहा ते आठ आठवड्यांनी. मुठीची जुनी ताकद यायला तीन महिने धरा. माझ्याच धंद्याविरुद्ध बोलते, पण दहा-दहा दिवस मशिनची शेक घ्यायची बहुतेकांना गरज नसते. एकदा येऊन व्यायाम शिकून घ्या, पुरतं. बोटं आखडली किंवा व्रण फारच हळवा राहिला तर मात्र या.

जखमेतून पू, पसरणारा लालसरपणा, ताप, बोटं निळी पडणं, बँडेज सैल करूनही न थांबणारी ठणक, हात चकाकण्याइतका सुजणं, नवा बधिरपणा किंवा अंगठा अजिबात न हलणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनकडे.

थोड्या जणांचा त्रास जात नाही. बंध अपुरा कापला गेलेला असतो, मूळ दुखणं मानेत असतं, नाहीतर नस आधीच फार खराब झालेली असते. तेव्हा एनसीव्ही पुन्हा करून जुन्या रिपोर्टशी पडताळतात. तो रिपोर्ट सांभाळा म्हटलं ते यासाठी.

माझ्या उजव्या हाताचं ऑपरेशन उत्तम झालं. मुंग्या नाहीत, झोप आहे, तर्जनीला सुईचं टोक कळतं. अंगठ्याचा उंचवटा मात्र भरला नाही. नसेच्या नुसत्या आवरणाला झालेली इजा काही आठवड्यांत भरून येते. आतला धागाच सुकला तर तो रोज जेमतेम मिलिमीटरभर पुन्हा वाढतो, आणि तो पोचेपर्यंत स्नायू नेहमीच तग धरत नाही. हुक मी आता डाव्या हाताने लावते. त्या हाताने पट्ट्यावर तीन महिने आणि एका इंजेक्शनवर चौदा महिने काढले. गेल्या आठवड्यात तीन रात्री त्याने मला उठवलं. पट्टा पुन्हा चढवलाय, एनसीव्ही गुरुवारी आहे, आणि सर्जनची वेळ त्याच्या पुढच्या सोमवारची.